पुलावरचा पहारेकरी आणि माझं गाईड

कापूरहोळच्या फाट्यावर गाडी बाजूला घेऊन मी मीटिंग ऐकत होते. पुढे भोरच्या रस्त्याला रेंजचा भरवसा नसतो, म्हणून महत्त्वाचा कॉल असला की मी एका गॅरेजशेजारी थांबते. त्या गॅरेजवाल्याची समजूत आहे की माझी गाडी सारखी बिघडते. दर वेळी तो पाना घेऊन काचेपाशी येतो आणि मी त्याला हातानेच नको म्हणते.

"पॅरी काढून टाकू," फोनमध्ये समीर सर म्हणाले.

समीर सर म्हणजे आमच्या पुण्यातल्या गेम स्टुडिओचे मालक. आम्ही तलवारबाजीचा एक व्हिडिओ गेम बनवत होतो. त्याचं नाव सांगायला करारात मनाई आहे, म्हणून नुसतं गेमच म्हणते. त्यात माझं काम गाईड लिहिण्याचं. म्हणजे आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत तलवार चालवायला शिकवायचं. स्क्रीनवर येणाऱ्या सूचना, शिकवणाऱ्या पात्राचे संवाद, कुठला धडा कुठे, हे सगळं माझ्याकडे. त्याआधी पंधरा वर्षं मी पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहीत होते. माझ्या नवऱ्याच्या मते दोन्ही कामं सारखीच आहेत, कारण दोन्ही कुणी वाचत नाही.

आता पॅरी म्हणजे काय ते सांगते. कंट्रोलर दोन हातांत धरायचा असतो. उजव्या अंगठ्याखाली वाराचं बटण, डाव्या बोटाखाली ढालीचं. शत्रूचा वार येताना ढालीचं बटण दाबून धरलं की वार ढालीवर आदळतो. आपण वाचतो, पण दमतो. हा झाला ब्लॉक. तेच बटण वार लागायच्या जरासं आधी, टिचकी मारल्यासारखं एकदाच दाबलं, तर शत्रूची तलवार बाजूला उडते आणि तो क्षणभर उघडा पडतो. ही पॅरी. साधली तर लढाई संपलीच म्हणायची. नाही साधली तर आपण.

गेममधली पहिली खरी लढाई एका लाकडी पुलावर होती. तिथला पहारेकरी पॅरीशिवाय हरत नसे. आणि आमच्या प्रकाशकांनी, म्हणजे पैसे घालून गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने, कळवलं होतं की बहुतेक नवे खेळाडू त्या पुलावरच मरतात आणि गेम बंद करतात.

"पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांना नवी आवृत्ती दाखवायची आहे," सर म्हणाले. "तोवर नवशिक्याला पॅरी शिकवता आली तर ठीक. नाही तर ती काढू. नुसता ब्लॉक ठेवू. ऋतुजा, चालेल ना?"

ऋतुजा आमची लढाईची डिझायनर. किकवीच्या शेतकरी घरातली मुलगी, वय सत्तावीस. दोन वर्षं ती त्या पॅरीवर काम करत होती. शत्रूचा खांदा कधी हलेल, पाय कसा सरकेल, तलवार उडाल्यावर आवाज कसा येईल, सगळं तिच्या हातचं. पॅरी काढली की तिचं दोन वर्षांचं काम पाण्यात.

"चालेल सर," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. भांडायला काय होतं हिला? मग माझ्या लक्षात आलं की भांडायचं कारण मीच आहे. पॅरी कठीण नव्हती, ती शिकवता येत नव्हती. आणि शिकवणारी मी होते.

पहिला आठवडा मी जे येतं ते केलं. वाक्यं घासली. 'शत्रूचा वार लागण्यापूर्वी' याचं 'वार येताच' केलं. बाण घातला. अक्षरं मोठी केली. ऑफिसमधल्या हिशेब विभागाला, साफसफाईच्या मावशींना, कुरिअरवाल्याला, जो सापडेल त्याला बसवून खेळायला लावलं. याला प्लेटेस्ट म्हणतात. त्यात एकच कडक नियम असतो: खेळणाऱ्याला तोंडाने काही सांगायचं नाही, गप्प बसून बघायचं. मी गप्प बसून बघितलं. माझी वाक्यं गुळगुळीत झाली होती, आणि सगळे त्याच पुलावर मरत होते. शत्रू समोर आला की माणसं वाराचं बटण दाणदाण दाबत. ढालीचं बटण असतं हेच विसरून जात.

तेव्हा मला वाटलं, ज्यांनी खरी तलवार धरली आहे अशा माणसांना बसवावं. त्यांना वाराची वेळ कळते, त्यांना पॅरी जमेल, आणि ती का जमली ते बघून मला काहीतरी सुचेल. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी वरवे बुद्रुकच्या बायकांचं पथक बघितलं होतं. लाठी, लाकडी तलवार, दांडपट्टा. त्यांना शिकवणाऱ्या नंदाताई जवळच्याच एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. फोन केला तर म्हणाल्या, "या की रविवारी. पण आमाला मोबाईलमधलं काय कळत न्हाई बरं का मॅडम."

"त्याचसाठी येतेय," मी म्हटलं.

रविवारी सकाळी ऋतुजाला किकवीतून घेतलं आणि वरव्याला गेलो. देवळासमोरच्या सभामंडपात टीव्ही लावला. सहा बायका होत्या, नऊवारी नेसून आलेल्या, कारण त्यांना वाटलं शूटिंग आहे. चहा झाला, पोहे झाले. मग पहिली बाई खेळायला बसली.

माझ्या गाईडचा पहिला धडा असा होता. एक म्हातारा वस्ताद अंगणात उभा असतो. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. त्याच्या तोंडी मी अकरा वाक्यं घातली होती आणि मला ती फार आवडायची. तो म्हणतो, माझ्यावर पाच वार कर. पाच वार लागले की दुसरा धडा, जड वार. मग तिसरा, उडी मारून वार. पॅरीचा धडा चौथा.

त्या सहाजणींपैकी एकही पहिल्या धड्याच्या पुढे गेली नाही.

त्या वार करत होत्या. तलवार उठत होती, वस्तादाच्या दिशेने जात होती, पण आकडा काही पुढे सरकत नव्हता. पाचपैकी शून्य. मी कंट्रोलर बदलला. बॅटरी बदलली. ऋतुजाने केबल काढून परत लावली. शून्यच. बायकांना मात्र काही बिघडलं आहे असं वाटतच नव्हतं. मागे बसलेल्या एकमेकींना म्हणत होत्या, "आता बरोबर थांबली बग." दुसरी म्हणाली, "व्हय, मगाशी लई जवळ गेली हुती." मी गप्प बसायच्या नियमाला बांधलेली, त्यामुळे कुठली जवळ गेली, कोण थांबली, विचारायची सोय नव्हती.

शेवटी ऋतुजाने लॅपटॉपवर लॉग उघडला. कुणी कुठलं बटण कधी दाबलं याची ती नोंद असते. सहाही बायकांची नोंद एकसारखी होती. वार, ढाल. वार, ढाल. वार, ढाल.

"ताई," ऋतुजा हळूच म्हणाली, "या कॅन्सल करतायत."

कॅन्सल म्हणजे असं. वाराचं बटण दाबल्यावर लगेच ढालीचं दाबलं तर निघालेला वार अर्ध्यातच परत येतो. खेळाडूला मन बदलता यावं म्हणून ऋतुजाने ती सोय केली होती. गाईडमध्ये ती विसाव्या धड्यानंतर होती. पहिल्या बाईला ती आपोआप सापडली होती आणि बाकीच्यांनी तिचं बघून उचलली होती.

मी नियम बाजूला ठेवला आणि नंदाताईंना विचारलं, "तुम्ही वार मागे का घेताय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी विचारलं होतं, भात शिजवताना पाणी का घालता.

"वस्ताद हाय न्हवं तो?"

"हो."

"मग वस्तादावर पुरा वार कुणी टाकतं का? वीतभर अलीकडं थांबवायचा. आमच्या हितं पयल्या दिवशी तेच सांगतो. लाकडाची असली तरी डोक्यात बसली तर काय?"

"पण तो स्वतःच म्हणतोय, वार कर."

"करतोच की. वार करायचा आणि थांबवायचा. त्यालाच हात तयार झाला म्हणत्यात."

ऋतुजा हसायला लागली. मला हसू आलं नाही. माझे बारा दिवसांपैकी सात गेले होते आणि सहा तरबेज बायका पॅरीच्या धड्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. रविवार फुकट गेला असं मी मनात म्हणत होते. पण आलोच आहोत तर विचारावं म्हणून विचारलं.

"पहिल्या दिवशी हे सांगता. मग पुढे काय शिकवता? कुठला वार आधी?"

"वार कुठला? आधी तीन म्हयने नुसतं अडवायचं."

"तीन महिने?"

"लई वाटतात व्हय? काही जणींना चार लागतात. मारायला शिकवावं लागत न्हाई मॅडम. हातात लाठी दिली की मारायचं ज्याचं त्याला येतं. अडवायचं येत न्हाई. आणि आधी मारायला शिकवलं ना, तर अडवायचं पुन्हा डोक्यात शिरतच न्हाई. उठा, दाखवते."

मी उठले. त्यांनी मला एक लाठी दिली आणि स्वतः एक घेतली. म्हणाल्या, मी सावकाश टाकते, तुमी फकस्त अडवा. त्यांनी खरंच सावकाश टाकली. मी आपली लाठी वर नेली, आणि का कोण जाणे, अडवायच्या ऐवजी त्यांच्याकडे पुढे ढकलली. त्यांची लाठी माझ्या बोटांवर बसली. अगदी हलकी, पण बसली.

"बगा," त्या म्हणाल्या, "तुमचं ध्यान मारण्यात हाय."

पुन्हा केलं. पुन्हा बोटांवर. तिसऱ्यांदा त्यांनी माझा उजवा हात लाठीवरून काढून कमरेला लावला, फक्त डाव्या हातात लाठी ठेवली आणि टाकली. आता मला मारता येणारच नव्हतं. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मी त्यांच्या खांद्याकडे बघत राहिले. खांदा हलला, मी लाठी आडवी केली. खट् असा आवाज झाला आणि बोटं वाचली. त्या एका आवाजाने मला इतका आनंद झाला की ऋतुजाने फोटो काढला तो मी आजही कुणाला दाखवत नाही.

परतताना गाडीत आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो. चूक वाक्यांत नव्हती, क्रमात होती. पहिल्या तीन धड्यांत मी माणसांना पढवत होते की काहीही समोर आलं की वाराचं बटण दाबा. चौथ्या धड्यात म्हणत होते, आता दाबू नका. तोवर अंगठ्याला सवय लागून गेलेली. हे माझ्या पंपाच्या दिवसांतलं होतं. तिथे पुस्तकाच्या सुरुवातीला सुरक्षेच्या सूचना असायच्या आणि त्या सोडून लोक थेट स्विचच्या पानावर जायचे. त्या अनुभवाने मी शहाणी झाले होते, की स्विच आधी द्या, बाकीचं मागाहून.

आमच्याकडे पाच दिवस होते. आम्ही गाईड उलटं केलं. पहिल्या धड्यात तलवार म्यानात. वाराचं बटण बंद. दाबलं तरी काही होणार नाही. वस्ताद लाठी टाकणार, खेळाडूने ढालीने उडवायची, एवढंच. तीन साधल्या की पुढे. वार शिकायचा तो दुसऱ्या धड्यात आणि तोही गवताच्या पुतळ्यावर, म्हणजे कुणाच्या शिकवणीला बाध येणार नाही. वस्तादाची अकरा वाक्यं मी स्वतः काढली. त्यांच्या जागी एकच घातलं: 'माझ्या खांद्याकडे बघ.' काढताना वाईट वाटलं. त्यातलं एक तर खरोखर चांगलं होतं.

समीर सरांना बुधवारी सांगितलं तर ते उखडले.

"तलवारीचा गेम आहे आणि पहिली दोन मिनिटं तलवार काढता येत नाही? वर्षा, लोक गेम बंद करतील."

"आत्ताही करतातच आहेत सर."

"पुलावर पोचून तरी करतात."

"शुक्रवारी बघू या. नाही जमलं तर पॅरी काढा. मी काही बोलणार नाही."

हे मी कुणाच्या जोरावर म्हटलं मला माहीत नाही. काम ऋतुजाचं होतं आणि पैज मी लावून बसले होते. ती शेजारच्या खुर्चीत बसून नखं कुरतडत होती.

शुक्रवारी मोठ्या खोलीत सगळे जमलो. प्रकाशकांच्या बाई बंगळुरूहून स्क्रीनवर होत्या. खेळून दाखवायला आम्ही शेजारच्या ऑफिसमधल्या एका रिसेप्शनिस्टला सांगून ठेवलं होतं. बाईंनी हिंदीत विचारलं, ही मुलगी तुमचीच ना? आधी सराव केला नसेल कशावरून? मग त्या हसत म्हणाल्या, समीर, तुम्हीच खेळा ना.

"मी नवशिका नाही," सर म्हणाले.

"मग तर सोपं आहे," बाई म्हणाल्या.

सरांनी कंट्रोलर घेतला. वस्ताद आला. लाठी उठली. सरांचा उजवा अंगठा वाराच्या बटणावर पडला. एकदा, दोनदा, चारदा. काहीच झालं नाही. लाठी बसली. सर म्हणाले, बटण चालत नाहीये. दुसरी लाठी बसली. सरांची मान लाल झाली होती. प्रकाशकांच्या समोर, स्वतःच्या ऑफिसात, पहिल्या धड्यात मार खात होते बिचारे. मला वाटलं, संपलं. पॅरीही गेली आणि बहुतेक मीही.

तिसऱ्या वेळी त्यांनी उजवा अंगठा बटणावरून उचलला. मुद्दाम नाही, वैतागून. आणि खांदा हलला तसं डाव्या बोटाने टिचकी मारली. खट्. लाठी उडाली.

सर खुर्चीत पुढे सरकले. चौथी उडवली. पाचवी चुकली. सहावी उडवली. पुतळ्यावरचे वार त्यांनी भराभर संपवले आणि पुलावर गेले. पहारेकऱ्याने पहिले दोन वार घातले, कारण सरांचा अंगठा पुन्हा जुन्या वळणावर गेला होता. अर्धा जीव उरला. मग ते थांबले. काहीच न दाबता उभे राहिले. पहारेकऱ्याचा खांदा हलला, खट्, त्याची तलवार उडाली, आणि सरांनी त्याला एका वारात पुलाखाली घातला.

त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला.

"पहिल्यांदा जमली मला," ते म्हणाले. "दोन वर्षांत."

बाईंनी विचारलं, काय म्हणालात? सरांनी हिंदीत सांगितलं की पॅरी राहणार. मग ऋतुजाकडे वळून मराठीत म्हणाले, "राहू दे ती. आहे तशीच."

ऋतुजाने मान हलवली आणि पाणी प्यायला बाहेर गेली. दहा मिनिटं आली नाही.

संध्याकाळी मी तिला किकवीला सोडायला घेऊन निघाले. घाट उतरला तरी मी खुशीतच होते. म्हटलं, "सरांना स्वतःला जमत नव्हती म्हणून काढायला निघाले होते, कळलं का तुला?"

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्यांचे लॉग माझ्याकडेच येतात. सरांनी तुमचं गाईड चार वेळा पहिल्यापासून खेळलं होतं. एकदाही पॅरी नाही."

"कधीपासून माहीत होतं?"

"दीड वर्ष झालं असेल."

"अगं मग बोलली का नाहीस? त्या दिवशी कॉलवर नुसतं 'चालेल सर' म्हणालीस."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग तुमचं गाईड वाईट आहे असं पण म्हणावं लागलं असतं ना, ताई. मी कामाला लागले तेव्हापासून तुम्ही मला शिकवता. तुम्हाला कसं म्हणणार?"

किकवीचा थांबा आला. ती उतरली, थँक्यू म्हणाली, गेली. मी तिथेच थोडा वेळ गाडी उभी ठेवली.

आता नवं गाईड लिहून झालं की मी ते आधी ऋतुजाला देते आणि तिच्या समोर खुर्ची ओढून बसते. ती वाचते आणि म्हणते, छान आहे ताई. मी उठत नाही. थोड्या वेळाने ती खरं बोलायला लागते.